साखर आधीच घातली होती

होबार्ट,
मे महिन्यातला पहिला रविवार

प्रिय फर्गस,

तुझे निरोप मिळाले. सगळे ऐकले. पहिल्यात तू विचारलंस, राग गेला का. दुसऱ्यात विचारलंस, अजून आहे का. तिसऱ्यात रागाचा विषयच नव्हता. दरीत पहिलं दंव पडल्याचं होतं आणि तांबडी गाय व्यायल्याचं होतं. गाय सुखरूप आहे हे ऐकून बरं वाटलं. फोन मी मुद्दामच उचलला नाही. तोंडी न बोलता पत्र का लिहिते आहे ते शेवटी येईल. तिथे उडी मारू नकोस, ओळीने वाच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे वाचताना तुझा जीव लागायचा तेवढाच टांगणीला लागेल. ऑक्टोबरातलं आपलं लग्न मी मोडलेलं नाही. ते होणार आहे असंही आज म्हणत नाही. हॉलवाल्या बाईंनी तारीख पक्की करायची का म्हणून विचारलं, त्यांना मी थांबायला सांगितलं आहे. लोक म्हणतील, बिअरच्या बाटल्या उतू गेल्या म्हणून कुणी लग्न थांबवतं का. म्हणू देत. बाटल्यांचं मला काही वाटत नाही. मी एक साधी, खरी गोष्ट तुम्हा तिघांना, तुला, तुझ्या आईंना आणि क्लेमकाकांना, सांगितली होती, तुम्ही तिघांनी मान डोलावली होती, आणि तिघांपैकी एकाचाही माझ्यावर विश्वास नव्हता. मला वाटतं ते याचं. आणि त्यानंतर तू जे केलंस त्याचं.

उन्हाळा संपता संपता क्लेमकाका मला म्हणाले होते, "बोटं आता वळत नाहीत गं. यंदा दलाची बिअर तूच कर. बेटाच्या उत्तरेकडची आहेस, तिकडच्यांना बिअर कळत नाही, पण चालवून घेऊ." तुझ्या आई शेगडीपाशी होत्या, त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं. दरीतल्या माणसांनी उन्हाळाभर आपली कामं टाकून डोंगरावरचे वणवे विझवायचे, आणि हंगाम संपला की अग्निशमन दलाच्या गाडीच्या शेडमध्ये जमून क्लेमकाकांची बिअर प्यायची, हे तुमच्याकडे नाताळाइतकं पक्कं आहे. ती बिअर माझ्याकडे देणं म्हणजे काय, हे मला समजलं होतं. मी "बरं" म्हणाले. नंतर गाडीपर्यंत सोडायला आलास तेव्हा तू म्हणालास, "जरा आनंद तरी दाखवायचास. असू दे, मी सांगितलं त्यांना, तुला फार आवडलं म्हणून." त्या वेळी मी ते मनावर घेतलं नाही. आता घेतलं आहे.

तुमच्याकडे बाटली उघडायची एक रीत आहे. उघडणारा हात लांब करून बाटली गवताकडे धरतो आणि बाकीचे सगळे एक पाऊल मागे सरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा काही खेळ असेल. मग कळलं, कुठली बाटली फुसकी निघेल आणि कुठली कारंजं होईल याचा तुम्हाला कधीच अंदाज नसतो, आणि त्यातच तुम्हाला मजा वाटते. क्लेमकाका तर म्हणतात, "नशीब कळतं माणसाचं." नशीब नव्हे, चमचा. पिंपातून बाटलीत जाते तेव्हा बिअर जवळजवळ मुकी असते. झाकण लावल्यावर तिच्यातलं उरलंसुरलं यीस्ट थोडी साखर खातं, वायू सोडतं आणि फेस येतो. साखर जितकी, फेस तितका. दुसरं रहस्य काही नाही. ती साखर तुमच्या घरच्या शेडमध्ये चहाच्या चमच्याने बाटली-बाटलीत पडते. क्लेमकाकांचा चमचा शिगोशीग असतो, तुझ्या आईंचा सपाट, आणि तुझा हात ओला असला की निम्मी साखर चमच्यालाच राहते. एवढं असून बाटल्या एकसारख्या निघाल्या असत्या तर नवल होतं.

म्हणून मी साखर एकदाच, सगळ्या बिअरसाठी मिळून तोलली. थोड्या पाण्यात उकळून विरघळवली, निवू दिली आणि दुसऱ्या स्वच्छ पिंपाच्या तळाशी ओतली. मग आंबलेली बिअर नळीने त्यावर उतरवली. नळीचं टोक पिंपाच्या कडेला तळाशी टेकवलं होतं, म्हणजे बिअर आत शिरतानाच गोल फिरते आणि साखरेचं पाणी तिच्यात मिसळत जातं. तेवढ्यावर विसंबून राहिले नाही. लांब चमच्याने तळापासून वर सावकाश ढवळलं. सावकाश, कारण खळबळलं की हवा शिरते आणि बिअर शिळ्या पुठ्ठ्यासारखी लागते. साखरेचं पाणी तळाला तसंच बसून राहिलं तर काही बाटल्या फुसक्या निघतात आणि काही फुटतात, हे मला माहीत होतं. हे सगळं झाल्यावर तुम्ही तिघं शेडमध्ये आलात.

आणि मी तुम्हाला सांगितलं. माझे शब्द मला पाठ आहेत, कारण मी ते नीट विचार करून बोलले होते: "साखर आधीच घातली आहे. बाटलीत काहीही घालायचं नाही." क्लेमकाका म्हणाले, "होईल गं बरोबर." तुझ्या आई म्हणाल्या, "तुझ्याइतकं आम्हाला कुठलं कळायला, बाई." तू डोळा मारलास. मी या तिन्हींना होकार समजले. चूक तिथे झाली. आमच्या दूध तपासायच्या प्रयोगशाळेत कुणी "बरोबर" म्हटलं की ते बरोबर असतं. तुमच्या दरीत "होईल बरोबर" म्हणजे "तू कर तुला हवं ते, मागून आम्ही बघून घेऊ".

तू बाहेरच्या नळावर बाटल्या धुऊन आत आणत होतास. मी भरत होते. तुझ्या आई भरलेली बाटली उचलून बाकावर नेत होत्या आणि वर झाकण ठेवत होत्या. क्लेमकाका झाकणं दाबायच्या यंत्रापाशी होते. दांडा तळव्याने ओढता येतो, बोटं लागत नाहीत. दुपार छान गेली, हे मी नाकारत नाही. मधेच काही बाटल्या भरताना फसफसून वर आल्या. बाकावरही एक-दोन उतू गेल्या. तुझ्या आईंनी फडक्याने पुसल्या आणि म्हणाल्या, "जिवंत आहे हो तुझी बिअर." मला वाटलं, बाटल्या नीट खंगाळल्या गेल्या नसतील. कोरडी साखर बिअरमध्ये पडली की ती अशीच उसळते, हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण मी तुमच्यावर पाळत ठेवून नव्हते. तुमच्यावर पाळत ठेवायची असते हे मला ठाऊक नव्हतं.

काही आठवड्यांनी दलाच्या मेळाव्यात काय झालं ते तू पाहिलंस. पण माझ्या जागेवरून पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. मर्व्ह पहिली बाटली घेऊन शेडच्या दारात उभा राहिला, हात लांब केला आणि सगळे मागे सरले. मी म्हणाले, "मागे सरायची गरज नाही." दलाचा कप्तान म्हणून मर्व्हचं सगळे ऐकतात, माझं ऐकायचं त्यांना काही कारण नव्हतं, तरी ते हसत हसत पुढे आले. ती बाटली अगदी हवी तशी निघाली. मर्व्ह घोट घेऊन म्हणाला, "च्यायला, ही तर दुकानातल्यासारखी आहे." तेवढं एक मिनिट मला जे वाटलं ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. मग त्याने दुसरी उघडली. ती त्याच्या गणवेशावर, कांद्याच्या तव्यावर आणि छताच्या पत्र्यावर गेली. तिसरी ठीक होती. चौथी हातातून सुटली. आणि मग बर्फाच्या टबात कुणी हात न लावताच एक फुटली आणि जॉईसच्या दंडाला काच लागली. मर्व्ह तिचा नवरा, पण त्याच्याआधी दलाची चार माणसं प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावली. काम मिळाल्याचा त्यांना आनंदच झालेला दिसला. शेवटी वणव्याची हेल्मेटं चढवून, समोरची काच खाली ओढून, माणसं बाटल्या उघडत होती आणि मुलं दरवेळी टाळ्या वाजवत होती. कुणीतरी ओरडलं, "उत्तरेकडून हल्ला झाला रे."

हसू देत. मी हसले नाही, पण मला ते समजत होतं. मग तू दुधाच्या क्रेटवर चढलास. म्हणालास, "मंडळी, आमची टेगन दिवसभर प्रयोगशाळेत दुधाचा थेंब न् थेंब मोजते. बिअर करताना तिचा हात जरा सैल सुटला. तिच्या वतीने मी माफी मागतो." सगळे हसले, तू खाली उतरून माझ्या खांद्यावर हात टाकलास, आणि तुझ्या आईंनी मला शिंपल्यांचं सारण भरलेल्या 'स्कॅलप पाय'चा सगळ्यात मोठा तुकडा वाढला. लोकांनी मला तिथल्या तिथे माफ केलं. प्रत्येक जण येऊन पाठीवर थोपटून गेला. न केलेल्या चुकीची इतकी प्रेमळ माफी मला आजवर कधी मिळाली नव्हती, आणि पुन्हा मिळू नये.

मी उरलेल्या बाटल्या गाडीत घालून इथे आणल्या, हे तुला रागाचं लक्षण वाटलं. मला फक्त त्या मोजून पाहायच्या होत्या. जाड कापडात गुंडाळून, थंड करून, एकेकीच्या झाकणाला मापकाची सुई टोचली आणि दाब मोजला. काही अगदी माझ्या हिशेबाप्रमाणे होत्या. काहींत जास्त दाब होता, काहींत फारच जास्त. आणि एकही, फर्गस, एकही बाटली फुसकी नव्हती. हे वाक्य तू दोनदा वाच. पिंपात साखर नीट मिसळली नसती तर एका बाटलीत जास्त गेली तितकी दुसरीत कमी पडली असती. मी तोलून घातलेली साखर एवढी म्हणजे एवढीच होती. ती कुठे कमी पडल्याशिवाय कुठे जास्त होऊ शकत नाही. कमी कुठेच नव्हती. म्हणजे जादा साखर बाहेरून आली होती. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कुठल्याही आईला चार मुलांत खीर वाढताना हे कळतं.

कोणी, हे मला शोधावं लागलं नाही. दोन दिवसांनी क्लेमकाकांचा फोन आला. त्यांच्या पोटात काही राहत नाही. आधी पावसाचं बोलले, मग माझ्या गाडीच्या टायरचं, आणि मग म्हणाले, "त्या गोळ्या मिळतात ना गं दुकानात, बाटलीत टाकायच्या साखरेच्या, त्या होत्या माझ्या खिशात. झाकण दाबायच्या आधी काही बाटल्यांत एकेक सोडली. वाटलं, पोर विसरली. आता चारचौघांत कसं सांगायचं तुला. पण एकेकच हं. एका गोळीने बाटली फुटत नाही, मी तीस वर्षं करतोय." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. एका गोळीने बाटली फुटत नाही. म्हणून मी तुझ्या आईंना फोन केला.

तुझ्या आई आधी म्हणाल्या, "मी? छे." मग म्हणाल्या, "सगळ्यांत नाही काही. ज्या जरा रोड वाटल्या त्यांत." बाटली रोड कशी दिसते हे मी विचारलं नाही. "तू पाठ केलीस की एखादा चमचा. इतकी मन लावून करत होतीस, तुला टोकायचं जिवावर आलं. आणि क्लेमने पण टाकली असेल हे माझ्या स्वप्नातसुद्धा नाही. मेला सांगेल तर ना." आणि मग, अगदी सहज, मला बरं वाटावं म्हणून, त्या म्हणाल्या, "तू कशाला मनाला लावून घेतेस? फर्गसने तर धुतानाच निम्म्या बाटल्यांच्या तळाला साखर घातली होती. मेळाव्याहून घरी जाताना त्यानेच सांगितलं मला."

आता बघ. तू माझ्या आधी, त्या माझ्यानंतर, क्लेमकाका त्यांच्याही नंतर. तिघांनी तीन ठिकाणी, एकमेकांपासून लपवून, एकाच कारणासाठी: बिचारी विसरली, तिची फजिती होऊ नये. कुठल्या बाटलीत एकाची साखर, कुठल्यात दोघांची, जी टबात फुटली तिच्यात बहुधा तिघांचीही. ज्या नीट निघाल्या त्या कुणाच्या तावडीत न सापडलेल्या. तीस वर्षं चमच्याशिवाय बाटली बंद होताना तुम्ही पाहिली नव्हती, आणि माझ्या सांगण्यापेक्षा तुमचा त्या चमच्यावर विश्वास जास्त होता. एवढंच असतं तर मी रागावून, दाब मोजलेल्या बाटल्या तुमच्या दारात ओळीने मांडून, पुढच्या रविवारी जेवायला आले असते. तुझ्या आई आणि क्लेमकाका मेळाव्यात गप्प राहिले. एकेकाला वाटलं, आपल्या एका चमच्याने काय होणार. ते मी समजू शकते. तुला मात्र आपण बाटल्यांच्या तळाशी साखर घातल्याचं माहीत होतं, मी साखर आधीच घातल्याचं सांगितलेलं आठवत होतं, तू शाळेत गणितात पहिला होतास, आणि तरी तू क्रेटवर चढून माझ्या वतीने माफी मागितलीस. आईंना गाडीत सांगितलंस. मला नाही सांगितलंस.

तरीही मी फोन उचलला असता. पण मधल्या शनिवारी मी जॉईसकडे गेले. तिचा दंड बघायचा होता आणि साखरेचा खरा प्रकार तिला सांगायचा होता, कारण टाके तिला पडले होते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सोड गं. फर्गस येऊन गेला ना फुलं घेऊन. म्हणाला, टेगनला फार लागलंय, तिला बोलता येत नाही एवढंच. तो नेहमीच सांगतो आम्हाला, तिचं बोलणं मनावर घेऊ नका, तिला तसं म्हणायचं नसतं." मी विचारलं, नेहमी म्हणजे कधी. तिला वाटलं, मला ठाऊक आहे. तिने कौतुकाने सांगितलं. तुझ्या चुलतबहिणीला मी म्हणाले होते की मला लग्नात पांढऱ्या जाळीचा घुंघट नको. तू तिला जाऊन सांगितलंस, तिला आवडलाय, फक्त लाजते. शाळेच्या जत्रेत मी पंच व्हायला नको म्हटलं. तू सांगितलंस, मी गंमत केली. आणि दलाच्या शेडमागच्या टाकीतल्या पावसाच्या पाण्याचा नमुना मी तपासून मर्व्हला सांगितलं होतं की टाकी धुतल्याशिवाय हे पाणी पिऊ नका. त्यालाही तू मागाहून भेटलास. "ती जरा कडक आहे रे, तिच्या कामाची सवय. तसं काही नाही." जॉईस म्हणाली, "शेडला लागूनच तर आमचं घर, मग आम्ही पितो तेच." हे सांगताना ती त्याच पाण्याचा चहा मला देत होती.

त्या चहाच्या कपाकडे बघताना मला आपली पहिली भेट आठवली. तुझ्या टँकरमधल्या दुधात गाईला दिलेल्या औषधाचा अंश सापडला होता आणि मी ते परत पाठवलं होतं. तू टोपी हातात घेऊन खिडकीशी आलास आणि म्हणालास, "बाई, जरा बघा ना काही जमतंय का." मी म्हणाले, नाही. तू म्हणालास, "थोडंसं?" मी म्हणाले, थोडंसंही नाही. तू हसलास. आपलं ठरलं त्या दिवशी तू सगळ्यांना सांगितलंस की दरीत लोक नाही म्हणायला अर्धा तास लावतात, तुला इतकं स्वच्छ "नाही" आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं, आणि तिथेच तू भाळलास. मी ते खरं मानलं होतं. मग त्याच "नाही"च्या मागे फडकं घेऊन दरीभर का फिरतोस? तुझ्या गावात एक बाई राहते जिचं नाव टेगन आहे, जी लाजते, गंमत करते, जिला कुठलीच गोष्ट म्हणायची नसते. ती तू केली आहेस. तिला मी ओळखत नाही. ऑक्टोबरात तिथे येऊन राहायचं ते मी की ती, हा माझा प्रश्न आहे.

न्याय करायचा तर पुरता करायला हवा, म्हणून आणखी थोडं लिहिते. तुझ्या आईंनी पहिल्याच हिवाळ्यात मागच्या दारापाशी माझ्या मापाचे गमबूट आणून ठेवले होते. काही बोलल्या नाहीत. एक दिवस ते तिथे होते, इतकंच. ज्या हाताने साखर घातली तो तोच हात, हे मला कळतं. त्यांच्या शेडमध्ये मी जितकी निवांत असते तितकी माझ्या स्वतःच्या खोलीतही नसते. क्लेमकाका बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉपच्या वेलाखाली उभे राहून एक फूल बोटांत चुरडतात आणि काही न सांगता माझ्या नाकापुढे धरतात, तेव्हा मला लहान असल्यासारखं वाटतं, आणि मी लहान होते तेव्हा मला तसं वाटलेलं नाही. त्यांनी बिअर माझ्याकडे सोपवली त्या संध्याकाळी मी होबार्टपर्यंत गाडीत एकटी गात आले. मला गाता येत नाही. हे मनातलं मी बोलून दाखवत नाही, कारण मला ते जमत नाही. पण ते नाही असा त्याचा अर्थ नव्हे. तू त्यांना "तिला फार आवडलं" म्हणून सांगितलंस ते खरंच होतं. पण ते तुझं नव्हतं, माझं होतं, आणि मी ते माझ्या वेळेला दिलं असतं. तू माझ्या रागाचीच नाही, माझ्या आनंदाचीही वाटणी परस्पर केलीस.

आता पत्र का, ते. समोर बसून हे सगळं बोलले असते तर तू ऐकून घेतलं असतंस, कबूलही केलं असतंस, माझा हात हातात घेतला असतास, आणि मी गाडी वळवून फाटकाबाहेर पडण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन तुझ्या आईंना आणि क्लेमकाकांना म्हणाला असतास, "काही नाही, थोडी दुखावली आहे, तिला तसं म्हणायचं नव्हतं." म्हणून कागदावर लिहिलं आहे. येत्या रविवारी जेवणं झाल्यावर त्या दोघांना समोर बसव आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाच. चमच्यांचं वाच, रोड बाटल्यांचं वाच, क्रेटवरचं तुझं भाषण वाच, गमबूट वाच, गाडीतलं गाणंही वाच. आधी एक वाक्य नको, नंतर एक वाक्य नको, मधे आवाज बदलून हसायचं नाही. घसा खाकरायला हरकत नाही. त्यांना वाईट वाटलं तर वाटू दे, ते मोठे आहेत, आणि त्यांना जे म्हणायचं असेल ते त्यांना थेट मला म्हणता येईल. मग मर्व्हकडे जा आणि टाकीबद्दल मी जे सांगितलं होतं तेवढंच, तसंच सांग. तू हे केलंस तर हॉलवाल्या बाईंना मी होकार कळवेन. नाही केलंस तर मला फोन करून कारण सांगू नकोस. तू एक शब्द जरी वाढवलास किंवा गाळलास तरी क्लेमकाका मला सोमवारी सकाळी सांगतीलच. तुझ्यासमोर सांगतील, तुझ्या मागे सांगतील, त्यांना राहवणार नाही. मी रागाच्या भरात लिहिलेलं नाही, दोनदा उतरवून काढलं आहे. यातला प्रत्येक शब्द मला म्हणायचाच होता.

अजून तरी तुझीच,
टेगन